प्रयोगशाळेची किल्ली कोणाकडे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या आसपास आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर राष्ट्रीय विज्ञान दिनाची छायाचित्रे येतात. दीपप्रज्वलन, व्यासपीठावरचे मान्यवर, शाल-श्रीफळ आणि समोर गणवेशातली मुले, अशी त्यांची ठरलेली मांडणी असते. त्यांतल्या काही छायाचित्रांत मागच्या रांगेत मीही उभा आहे. भौतिकशास्त्राच्या अध्यापकांच्या एका राष्ट्रीय संघटनेच्या जिल्हा शाखेचा सचिव म्हणून मी अकरा वर्षे काम केले आणि हा दिवस साजरा करणे हेच शाखेचे वर्षातले सर्वांत मोठे काम मानले जात असे. गेल्या वर्षी मी त्या पदावरून मोकळा झालो. पदावर असताना जे बोलणे संकोचाचे वाटत होते ते आता मांडता येईल, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

आपल्या देशात भौतिकशास्त्राच्या संघटनांची उणीव नाही. इंडियन फिजिक्स असोसिएशन १९७० साली स्थापन झाली. प्रा. डी. पी. खंडेलवाल यांच्या पुढाकाराने १९८४ साली इंडियन असोसिएशन ऑफ फिजिक्स टीचर्स ही अध्यापकांची संघटना उभी राहिली. पहिलीत संशोधकांचा भरणा अधिक, तर दुसरीत महाविद्यालयांत आणि शाळांत शिकवणाऱ्यांचा. दोघींच्या शाखा गावोगावी आहेत, नियतकालिके निघतात, अधिवेशने भरतात. मराठीतून विज्ञान पोहोचवण्यासाठी १९६६पासून मराठी विज्ञान परिषद आहे आणि तिचेही विभाग जिल्ह्याजिल्ह्यांत काम करतात. मध्यवर्ती संस्था भक्कम असूनही जिल्ह्याच्या ठिकाणची शाखा बहुतेक वेळा दोन-तीन माणसांच्या उत्साहावर चालते आणि ती माणसे निवृत्त झाली की दप्तरासह कपाटात जाते. असे का होते, याचे उत्तर मला पैशात किंवा लोकांच्या अनास्थेत सापडले नाही. आम्ही शाखेला व्याख्याने भरवणारे मंडळ समजलो, आणि व्याख्यानासाठी शाखेची गरजच नसते, असे माझे मत बनले आहे.

आधी पैशाचे सांगून टाकतो, कारण लोक प्रथम तेच विचारतात. आमच्या शाखेची स्वतंत्र नोंदणी नव्हती. ती केली असती तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू झाला असता. मग कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्टच म्हणतात, तो दाखल करणे आणि दरवर्षी लेखापरीक्षण करून हिशेब सादर करणे आले असते. तास घेऊन, पेपर तपासून उरलेल्या वेळात शाखा चालवणाऱ्या तीन अध्यापकांना हे ओझे पेलणारे नव्हते. म्हणून आम्ही मूळ संस्थेच्या नावाखाली, तिच्याच पॅन क्रमांकावर खाते ठेवले. त्याचा परिणाम असा, की कोषाध्यक्षांची बदली झाली तेव्हा सहीचा अधिकार बदलण्यासाठी मध्यवर्ती कार्यकारिणीचा ठराव, नव्या-जुन्या पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रे आणि शाखेच्या बैठकीचे इतिवृत्त एवढे सगळे घेऊन मी बँकेत सात महिने खेटे घातले. खात्यात होते अकरा हजार तीनशे रुपये! त्या सात महिन्यांतला चहा, छपाई आणि पाहुण्यांचे एसटीचे भाडे खिशातून गेले, ते पुढे परत मिळाले. शाखा यामुळे बंद पडत नाही, पण सचिव मात्र वैतागतो, आणि पुढच्या वर्षी सचिव व्हायला कोणी पुढे येत नाही.

वर्गणीची गोष्ट याहून विचार करण्याजोगी आहे. आमचे बहुतेक सभासद आजीव होते. नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी एकदा रक्कम भरायची, ती मध्यवर्ती संस्थेकडे जमा होते, आणि त्यानंतर त्या सभासदाचा शाखेशी पैशाचा म्हणून काही संबंध उरत नाही. ऐकायला हे सोयीचे आहे. परंतु दरवर्षी वर्गणी मागायला एखाद्याच्या दारात गेले, की तो ‘गेल्या वर्षी तुम्ही केले काय?’ असे विचारतो, आणि हा प्रश्न शाखेला जागे ठेवतो. आजीव सभासद तो विचारत नाहीत. मी सभासदांची यादी हाती घेतली तेव्हा तिच्यात शंभरावर नावे होती. पत्रे पाठवली त्यांतली तीसेक परत आली आणि चार घरांतून सभासद हयात नसल्याचे कळले. म्हणून माझ्या कारकिर्दीत आम्ही आजीव सभासदांकडूनही शंभर रुपयांची स्थानिक वार्षिक वर्गणी मागायला सुरुवात केली. काही जण रागावले, पण ज्यांनी दिली ते बैठकीला येऊ लागले.

आता व्याख्यानांविषयी. पुण्या-मुंबईचा एखादा नामवंत वक्ता बोलवायचा, त्याच्या सोयीची तारीख धरायची, महाविद्यालयाचे सभागृह मिळवायचे आणि ते भरावे म्हणून पहिल्या वर्षाच्या वर्गांना हजेरी सक्तीची करायची, ही आमची पद्धत होती. वक्ते उत्तम बोलत, याविषयी माझी तक्रार नाही. परंतु कृष्णविवरांवरच्या व्याख्यानाला तीनशे मुले बसलेली असताना प्रश्न विचारायला दोघे उठतात, आणि त्यांतला एक अध्यापकच असतो, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. तेच वक्ते, त्याच विषयावर, आता घरबसल्या मोबाइलवर ऐकता येतात. वर, महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या ‘नॅक’ या संस्थेच्या मूल्यांकनासाठी प्रत्येक कार्यक्रमाचा अहवाल आणि जिओटॅग केलेले छायाचित्र लागत असल्याने, ऐकणाऱ्याला काही मिळाले की नाही यापेक्षा छायाचित्रात फलक नीट दिसतो की नाही याची धावपळ अधिक. मीही ती केली आहे. एका कार्यक्रमात तर फलक मागून आला म्हणून वक्त्यांना पुन्हा उभे करून छायाचित्र घेतले होते, त्याची आजही लाज वाटते.

व्याख्यानाखेरीज शाखेकडे येणारे दुसरे मोठे काम परीक्षेचे. भौतिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडसाठी भारतीय संघ निवडण्याची पहिली पायरी म्हणजे अध्यापक संघटना घेते ती राष्ट्रीय प्रमाणित परीक्षा. साधारण नोव्हेंबरात ती देशभरच्या केंद्रांवर होते. पुढे राष्ट्रीय ऑलिंपियाडची परीक्षा, मग मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातले शिबिर आणि शेवटी पाच जणांचा संघ, असा हा क्रम आहे. २०१५ साली आंतरराष्ट्रीय स्पर्धाच मुंबईत भरली होती. जिल्ह्यातल्या मुलाला स्वतःच्या गावाजवळ परीक्षा देता यावी म्हणून केंद्र मिळवणे, सीलबंद पाकिटे सांभाळणे, पर्यवेक्षक उभे करणे ही कामे स्थानिक अध्यापकच करतात, आणि ती मनापासून करावीत अशीच आहेत. मात्र परीक्षेला बसणारी बहुतेक मुले शिकवणी वर्गांतून येतात. परीक्षा संपली की ती तिकडेच परत जातात आणि शाखा त्यांना पुन्हा दिसत नाही. शाखेचा आणि मुलांचा संबंध वर्षातून दोन तासांचा, तोही एका उत्तरपत्रिकेपुरता.

मग शाखा कशासाठी? याचे जे उत्तर मला मिळाले ते एका प्रयोगातून मिळाले, आणि तो सविस्तर सांगितल्याशिवाय माझे म्हणणे पूर्ण होणार नाही.

कोल्हापूर आणि नाशिक ही शहरे जवळजवळ एकाच रेखांशावर, एकाच्या उत्तरेला दुसरे अशी वसलेली आहेत. त्यांच्या अक्षांशांत सुमारे ३.३ अंशांचा फरक असून सरळ रेषेतले अंतर साधारण ३६५ किलोमीटर भरते. एकाच दिवशी दोन्हीकडे मीटरभर उंचीची काठी ओळंब्यात उभी करून मध्यान्हीची सावली मोजली, तर सूर्यकिरणांच्या कोनांतला फरक मिळतो. तो ३६० अंशांचा जेवढा भाग, तेवढाच भाग दोन गावांतले अंतर पृथ्वीच्या परिघाचा असते, म्हणून त्यावरून परीघ काढता येतो. ग्रीक विद्वान इराटोस्थेनिसची ही सव्वादोन हजार वर्षांपूर्वीची रीत सर्वांना पुस्तकातून ठाऊक असते आणि प्रत्यक्ष करून पाहिलेली जवळपास कोणालाच नसते, कारण एका महाविद्यालयाला ती एकट्याने करताच येत नाही. दुसऱ्या गावात, त्याच दिवशी, तितक्याच काळजीने मोजणारे कोणीतरी असावे लागते. शाखांचे जाळे याच कामाचे असते, हे माझ्या ध्यानात यायला सचिवपदाची पाच वर्षे जावी लागली.

आम्ही नाशिककडच्या काही अध्यापकांशी बोलून २१ मार्चचा दिवस धरला. परीक्षांचे दिवस असल्याने मुले गोळा करणे अवघड होते, पण सप्टेंबरच्या विषुवदिनी आकाशाचा भरवसा नसतो. विषुवदिनी सूर्य विषुववृत्तावर असल्याने मध्यान्हीचा कोन म्हणजे जवळजवळ त्या गावचा अक्षांशच. त्यामुळे मीटरभर काठीची सावली कोल्हापुरात सुमारे ३० सेंटिमीटर आणि नाशकात सुमारे ३६.४ सेंटिमीटर पडायला हवी. साऱ्या पृथ्वीचा परीघ या साडेसहा सेंटिमीटरांच्या आतल्या फरकात बसलेला! मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत, हेही मुलांना तेव्हाच समजले. प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची असल्याने आमच्याकडे त्या दिवशी सूर्य माथ्यावरची रेषा ओलांडतो तो १२ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास.

पहिल्या वर्षी आमचे उत्तर आले ४६ हजार किलोमीटर, म्हणजे खऱ्या ४० हजारांहून जवळजवळ पंधरा टक्के जास्त. दोन्हीकडच्या मुलांनी एकमेकांच्या वह्यांची छायाचित्रे मागवली, टेप तपासल्या, ओळंबे तपासले. आठवडाभर दूरध्वनीवर वाद झाल्यावर चूक सापडली. सूर्य हा बिंदू नाही, त्याची तबकडी आकाशात सुमारे अर्धा अंश रुंद आहे, म्हणून काठीच्या टोकाची सावली एकाएकी संपत नाही, तर शेवटचा सेंटिमीटरभर भाग धूसर होत जातो. नाशिकच्या मुलांनी गडद सावली जिथे संपते तिथे खूण केली होती आणि आमच्या मुलांनी धूसरपणाही जिथे संपतो तिथे. आमची सावली त्यामुळे लांबली आणि फरक साडेपाच सेंटिमीटरांच्या घरात आला. दोन्ही गटांची मोजणी आपापल्या जागी काळजीपूर्वक होती, फक्त ‘सावलीचे टोक’ या शब्दांचा अर्थ आधी ठरलेला नव्हता. पुढच्या वर्षी काठीच्या टोकावर बारीक छिद्र पाडलेला पुठ्ठा बसवून जमिनीवर पडणाऱ्या प्रकाशाच्या गोल ठिपक्याचा मध्य मोजायचे ठरले, तसे लेखी कळवले, आणि उत्तर ४१ हजारांच्या आत आले. मापनातली त्रुटी हा विषय मी तीस वर्षे फळ्यावर शिकवला होता, पण तो असा भांडणातून शिकलेली मुले मी त्याआधी पाहिली नव्हती. भांडण मराठीत होते, हेही नमूद करतो. व्याख्यानात तोंड न उघडणारा मुलगा ‘सर, तुमच्या लोकांनीच चुकीचं मोजलंय’ असे दुसऱ्या गावच्या प्राध्यापकांना बिनदिक्कत सांगत होता.

यानंतर आम्ही दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी चार ते सात प्रयोगशाळा उघडी ठेवण्याचा बेत केला. व्याख्यान नाही, पाहुणा नाही. ज्याला जो प्रयोग करून पाहायचा असेल, बिघडलेले उपकरण दुरुस्त करायचे असेल, त्याने यावे. अध्यापक संघटनेची नव्या प्रयोगांची राष्ट्रीय स्पर्धा असते, आणि प्रा. एच. सी. वर्मा यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘अन्वेषिका’ केंद्रांनी साध्या साहित्यातून प्रयोग दाखवण्याची रीत रुजवली आहे, त्यामुळे काय करायचे याची वानवा नव्हती. येणाऱ्यांत कनिष्ठ महाविद्यालयांचे शिक्षक होते, दोन औद्योगिक वसाहतीतले तंत्रज्ञ होते आणि एक निवृत्त वीज अभियंता होते. सोल्डरिंग आमच्यापेक्षा तंत्रज्ञांनाच चांगले येत असे.

हा उपक्रम चौदा महिने चालला आणि किल्लीपाशी थांबला. प्रयोगशाळा ज्या संस्थेची होती तिचा विरोध नव्हता, परवानगीचे पत्र माझ्या फाइलीत आहे. प्रश्न असा होता, की शनिवारी संध्याकाळी दार उघडायचे, वीज चालू-बंद करायची, उपकरणे मोजून परत ठेवायची ही कामे प्रयोगशाळा परिचर करतात, आणि या तीन तासांची नोंद कुठल्याही नोंदवहीत होत नव्हती. त्यांना त्याबद्दल मानधन नाही, बदली रजा नाही, आणि एखादे भिंग फुटले तर मात्र जबाबदारी त्यांची. आमच्या परिचरांनी वर्षभर केवळ स्नेहापोटी हे केले. ते निवृत्त झाले, त्या जागेवर नवी भरती झाली नाही आणि किल्ली कार्यालयातल्या कपाटात गेली. ते कार्यालय शनिवारी दुपारी दोनला बंद होते.

अध्यापकांची स्थिती याहून वेगळी नाही. शाखेत उत्साहाने येणारे तरुण बहुतांशी तासिका तत्त्वावर शिकवणारे आहेत. त्यांना घेतलेल्या तासांचेच पैसे मिळतात, पुढच्या वर्षी याच महाविद्यालयात असू की नाही याची खात्री नसते, आणि अशा माणसाला आपण शनिवारची संध्याकाळ विनामोबदला मागतो. शाखेच्या कार्यकारिणीवर कायमस्वरूपी अध्यापकच असावेत असा अलिखित संकेत अनेक ठिकाणी आहे, तो मोडावा असे मला वाटते. आम्ही दोन तासिका अध्यापकांना सहसचिव केले आणि त्यांचा प्रवासखर्च शाखेने सोसला. व्याख्यात्याच्या शालीवर होणारा खर्च वाचवला की एवढे सहज निघते.

ज्या दिवसाच्या छायाचित्रांपासून मी सुरुवात केली त्याची हकीकतही किल्लीचीच आहे. कोलकात्यात डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी लोकांकडून वर्गणी जमवून १८७६ साली इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था काढली. १९०७ साली सी. व्ही. रामन सरकारी हिशेब खात्यात नोकरीला म्हणून त्या शहरात आले आणि बोबाजार रस्त्यावरच्या या संस्थेचे दार त्यांनी ठोठावले. दार उघडणारे आशुतोष डे पुढे त्यांचे प्रयोगातले सहायक झाले. विद्यापीठात प्राध्यापक होईपर्यंतच्या दहा वर्षांत, कोलकात्यात असताना, रामन कचेरीच्या आधी आणि नंतर तिथे काम करीत. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी ज्या शोधाची, म्हणजे रामन परिणामाची, निश्चिती झाली आणि ज्याच्या स्मरणार्थ १९८७पासून आपण विज्ञान दिन पाळतो, तो शोध विद्यापीठाच्या इमारतीत नव्हे तर या वर्गणीवर उभ्या राहिलेल्या संस्थेच्या प्रयोगशाळेत लागला. कचेरी सुटल्यावर येणाऱ्या एका हिशेबनिसासाठी दार उघडे होते, एवढेच मला यातून दाखवायचे आहे. रामन रोज जन्मत नाहीत हे मलाही समजते, पण विज्ञान दिनी दुपारी तीनला भाषण आटोपून पाचला प्रयोगशाळेला कुलूप लावताना आपण नेमके काय साजरे केले, असा प्रश्न मला दरवर्षी पडत आला आहे.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, प्राचार्य आणि संस्थाचालकांना. महिन्यातून एका शनिवारी भौतिकशास्त्राची एक प्रयोगशाळा संध्याकाळी उघडी ठेवण्याचा लेखी निर्णय घ्यावा आणि त्या तीन तासांसाठी परिचरांना बदली रजा किंवा मानधन द्यावे. ते मानधन शाखा वर्गणीतून देऊ शकेल, फक्त ते घेण्याची परवानगी त्यांना असावी. दुसरी, संघटनांच्या मध्यवर्ती कार्यकारिणींना. शाखेच्या वार्षिक अहवालात किती व्याख्याने झाली हा रकाना असतो. त्याच्या शेजारी प्रयोगशाळा किती दिवस उघडी होती आणि दुसऱ्या शाखेबरोबर मिळून कोणते मापन केले, असे दोन रकाने वाढवावेत. जे विचारले जाते तेच केले जाते, हे आम्हा परीक्षा घेणाऱ्यांना चांगले माहीत आहे.

तिसरी विनंती आपणास आहे. आपल्या ‘आजचे कार्यक्रम’ सदरात आम्ही व्याख्यानांची सूचना दिली की ती छापली जात असे, परंतु ‘प्रयोगशाळा चार ते सात उघडी राहील’ ही सूचना दोनदा पाठवूनही आली नाही. वक्त्याचे नाव नसल्याने हा कार्यक्रम आहे असे बहुधा वाटले नसावे. ती सूचना छापावी. नव्या सचिवांनी येत्या २१ मार्चला सावलीची मोजणी पुन्हा करायचे ठरवले असून या वेळी कोकण सोडून सह्याद्रीच्या अलीकडच्या चार गावांना बरोबर घेण्याचा विचार आहे. मीटरभर काठी, ओळंबा, छिद्र पाडलेला पुठ्ठा आणि दुपारी साडेबारा ते पाऊण या वेळात उघडी असलेली गच्ची, एवढेच साहित्य लागते. ज्या शाळेला किंवा महाविद्यालयाला यात यायचे असेल त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत शाखेला कळवावे. गच्चीची किल्ली कोणाकडे आहे ते मात्र आदल्या दिवशी पाहून ठेवावे. पहिल्या वर्षी आम्हाला ती बारा वाजून पस्तीस मिनिटांनी मिळाली होती.

आपला,
एक निवृत्त भौतिकशास्त्र अध्यापक,
कोल्हापूर